न पाहिलेली म्हैस

व्याख्यानाला कुठेही गेलो तरी शेवटी एक प्रश्न ठरलेला असतो. आभारप्रदर्शनाची चुळबूळ सुरू झालेली असते, संयोजक नारळ आणि शाल असलेली पिशवी पुढे सरकवत असतात आणि मागच्या रांगेतून कोणीतरी उठून विचारते, "बँकेची नोकरी सांभाळून तुम्हाला लिहायला वेळ कसा मिळायचा?" माझे उत्तरही ठरलेले होते. पहाटे चारला उठायचो, बायको आणि मुलगी झोपेत असताना दोन पाने लिहायचो, मग पाणी भरायचे आणि साडेआठची एसटी पकडायची. त्यावर एक विनोद. बँकेत बेरीज जुळल्याशिवाय घरी जाता येत नाही, कथेत मात्र सगळे जुळले की संपादक ती साभार परत पाठवतात. लोक हसतात, चहा येतो, मी सुटतो.

गेल्या दिवाळीनंतर सातारा जिल्ह्यातल्या एका वाचनालयात हेच चालले होते. नेहमीचा विनोद सांगून मी खाली बसणार तेवढ्यात पंचविशीची एक मुलगी उठली. म्हणाली, "मीही बँकेत आहे. सकाळी नऊला आत जाते ती रात्री आठला बाहेर पडते. लिहावेसे वाटते, पण वेळ मिळत नाही. म्हणून खरेच विचारते, तो वेळ तुम्ही कुणाचा घेतलात?"

तिच्या आवाजात खवचटपणा अजिबात नव्हता. मी काहीतरी पुटपुटलो; काय ते आता आठवतही नाही. परतीच्या गाडीत मात्र तो प्रश्न माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसला. कारण त्याचे उत्तर मला चांगले ठाऊक होते. १९८७ सालच्या ऑगस्ट महिन्यातली एक दुपार, हे ते उत्तर.

माझे वडील कराडला एका अडत पेढीवर दिवाणजी होते. गूळ, शेंगा, हळद यांच्या पट्ट्या करायच्या, रोजकीर्द लिहायची, तिच्यावरून खतावणी उतरवायची. सुट्टीत कधी मी त्यांचा डबा घेऊन पेढीवर गेलो तर पोत्यांच्या थप्पीला टेकून त्यांचे लिहिणे बघत बसे. शेतकरी येत, पट्टी हातात घेत आणि न वाचताच घडी करून खिशात ठेवत. त्यातल्या कित्येकांना वाचता येत नव्हते हे खरे. पण येत होते तेही वाचत नसत. खाली वडिलांची सही असे, तेवढे पुरे होते.

१९८१ साली मला बँकेत कारकुनाच्या नेमणुकीचे पत्र आले तेव्हा वडिलांनी ते देवापुढे ठेवले आणि गल्लीत पेढे वाटले. ते दिवसच तसे होते. १९६९ साली १४ आणि १९८० साली आणखी सहा बँकांचे राष्ट्रीयीकरण झालेले, गावोगाव शाखा निघत होत्या आणि मुलगा बँकेत आहे एवढ्यावर मुली सांगून येत. आजच्या वाचकाला बँक म्हणजे हातातला फोन. आमच्या वेळी ती दोन माणसांनी उचलावी अशी लेजरबुके, पितळी टोकने आणि संध्याकाळी न जुळणारी बेरीज अशी होती. पाच पैशांच्या फरकासाठी सगळी शाखा रात्री नऊ-नऊपर्यंत बसलेली मी पाहिली आहे. आमचे हेड कॅशियर आधी तो फरक नऊने भागून बघत. पूर्ण भाग गेला तर कोणीतरी ५४ च्या जागी ४५ लिहिले असणार; मग ते उलटे आकडे शोधायचे. वर्ष तेव्हा डिसेंबरअखेर संपे. मार्चअखेरची पद्धत १९८९ सालापासून आली. कित्येक ३१ डिसेंबर मी बँकेत काढले आणि खरे सांगायचे तर मला ते आवडत. हिशेब शेवटी जुळतो, याच्यावर माझा वडिलांमुळे विश्वास होता.

लिहायलाही तेव्हाच लागलो. दोन-तीन कथा मासिकांत आल्या. १९८६ साली अधिकारी म्हणून बढती मिळाली आणि बदली झाली माणदेशातल्या एका गावी. सहकाऱ्यांनी हळहळ व्यक्त केली. मी मनातून खूष होतो. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली आली, माझ्या जन्माच्याही आधी, पण कॉलेजात असताना ती वाचून मी वेडा झालो होतो. त्या मुलुखात आपल्याला पगार देऊन पाठवताहेत यासारखे भाग्य कोणते? ट्रंकेत कपड्यांच्या खाली दोन कोऱ्या फुलस्केप वह्या घेऊन मी तिथे हजर झालो.

त्या काळात ग्रामीण शाखेचे निम्मे काम म्हणजे एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम. १९८० सालच्या २ ऑक्टोबरपासून तो देशातल्या सगळ्या विकास गटांत लागू झाला होता. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला म्हैस, शेळ्या, शिलाई यंत्र असे मिळकतीचे काहीतरी साधन द्यायचे. किमतीचा काही हिस्सा सरकारी अनुदान, बाकी बँकेचे कर्ज. अल्पभूधारकाला चौथा हिस्सा अनुदान, अत्यल्पभूधारकाला आणि शेतमजुराला तिसरा, आदिवासींना निम्मा. जनावर घेतले की विमा उतरून कानात बिल्ला मारायचा. पुढे बँकेच्या अधिकाऱ्याने लाभार्थीच्या दारात जायचे, जनावर डोळ्यांनी पाहायचे आणि तपासणी अहवालावर सही करायची. कागदावर सगळे चोख होते. पण वरून लक्ष्यांक येत, ते गाठण्याची घाई असे, आणि जिथे घाई तिथे दलाल हा आलाच. एकच म्हैस चार दारांत बांधून दाखवली जाई. मेलेल्या जनावराचा बिल्ल्यासह कान कापून विम्याच्या दाव्याला जोडायचा असे. काही बहाद्दर जिवंत जनावराचाच कान कापून आणत. हे किस्से आम्ही टपरीवर चहा पिताना एकमेकांना रंगवून सांगत असू. आपण त्यातले नाही, अशा थाटात.

आता ती दुपार.

एका नावाजलेल्या दिवाळी अंकाच्या संपादकांचे पोस्टकार्ड आले होते. कथा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हातात हवी, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. अशा अंकात कथा येणे म्हणजे काय, हे ज्यांनी त्या काळात लिहिले त्यांनाच कळेल. कथा अर्धी झाली होती आणि अडली होती. त्या दिवशी माझ्याकडे अकरा म्हशींची तपासणी होती. दोन वाड्या, जाऊन-येऊन बावीस किलोमीटर, रस्ता म्हणजे ओढ्याचे पात्र. मी शाखेची राजदूत काढली, गावाबाहेर पडलो आणि फाट्यावर थांबलो. डावीकडे वाड्या होत्या. उजवीकडे सरकारी विश्रामगृह होते, त्याच्या व्हरांड्यात टेबल-खुर्ची होती, आणि पिशवीत फुलस्केप वही होती.

तासभर लिहू आणि मग जाऊ, असे स्वतःला सांगून मी उजवीकडे वळलो. कथेची गाठ सुटली. चौकीदाराने दोनदा चहा दिला. मान वर केली तेव्हा पाच वाजले होते.

कथा दुष्काळात म्हैस विकावी लागलेल्या एका बाईची होती. हे मी रचून सांगत नाही. रचायचे असते तर इतके ढोबळ रचले नसते.

शाखेत परत येऊन मी अकरा अहवाल भरले. एकाच मजकुराच्या अकरा प्रती दिसल्या तर संशय येईल, एवढी अक्कल होती. म्हणून एकीच्या म्हशीला पाच लिटर दूध लिहिले, दुसरीच्या सहा. एकीची म्हैस गाभण केली. एका ठिकाणी 'गोठ्याला छप्पर नाही, लाभार्थीस सूचना दिली' असे लिहिले. ते वाक्य लिहिताना मला ते छप्पर नसलेले दार डोळ्यांसमोर दिसत होते. सगळ्यांखाली लफ्फेदार सही. त्या संध्याकाळी मी फार आनंदात होतो.

कथा दिवाळी अंकात आली. खूप पत्रे आली. एका ज्येष्ठ समीक्षकांनी वार्षिक आढाव्यात तिचा उल्लेख करताना 'अनुभवाशी प्रामाणिक' असा शब्द वापरला. ते कात्रण अजून माझ्याकडे आहे.

पुढच्या पावसाळ्यात वरच्या कार्यालयातून तपासणी पथक आले. त्यांनी माझ्यासारखा आळस केला नाही. ते वाड्यांवर गेले. अकरापैकी चार म्हशी होत्या. सात कधी आल्याच नव्हत्या. साडेतीन हजारांची एक, अशा सात म्हशींचे २४,५०० रुपये दलालाने आणि आमच्यातल्याच एकाने वाटून घेतले होते. मला त्यातला एक पैसाही मिळालेला नव्हता. पण ज्या कागदांमुळे हे वर्षभर झाकून राहिले, त्यांवर सही माझी होती. १९८९ सालच्या जानेवारीत निलंबनाचा आदेश हातात पडला.

निम्म्या पगारावर कराडला आई-वडिलांकडे आलो. मुलगी दोन वर्षांची. बायको शाळेत शिक्षिका होती, तिने बदलीसाठी खटपट केली. ती होईपर्यंत दर शनिवारी एसटीने येई आणि सोमवारी पहाटे जाई. वडील तेव्हा निवृत्त झाले होते. मी घरी आलो त्या संध्याकाळी त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"सही तुझीच आहे ना?"

"हो."

त्यांनी चष्मा पुसला आणि पेपर पुढे ओढला. पुन्हा कधी विषय काढला नाही. फक्त रोज बाजारपेठेतून फिरायला जाणारे वडील त्यानंतर नदीच्या बाजूने जाऊ लागले. प्रीतिसंगमावर बसून येतो म्हणत. पेढीवरची माणसे वाटेत भेटू नयेत हे त्यामागचे कारण आईने मला ते गेल्यावर सांगितले.

त्या रिकाम्या दिवसांत एका मित्राने ओ. हेन्रीच्या कथांचे जुने पुस्तक आणून दिले. ओ. हेन्री अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ऑस्टिनच्या एका बँकेत टेलर होता. हिशेबात तूट निघाली, खटला होणार म्हटल्यावर तो होंडुरासला पळाला, बायको मरणाच्या दारी आहे हे कळल्यावर परत आला आणि १८९८ साली शिक्षा होऊन ओहायोच्या तुरुंगात गेला. तिथे त्याने कथा लिहिल्या. १९०१ साली सुटला तो लेखक होऊनच. मला हे चरित्र इतके आवडले की मी त्याच्यात जाऊन बसलो. बघा, आपल्याच जातीचा माणूस! व्यवस्थेने चिरडलेला, प्रतिभेने तरलेला. माणूस पडला की स्वतःसाठी कसे मखर बांधतो याचा हा नमुना.

जूनमध्ये खातेनिहाय चौकशी झाली. अधिकारी संघटनेतले एक अनुभवी गृहस्थ माझे बचाव प्रतिनिधी होते. त्यांनी सल्ला दिला, 'मी गेलो होतो, पण कोणीतरी भलत्याच म्हशी दाखवून मला फसवले, एवढे म्हणा. दलालाचे नाव आधीच निघाले आहे, ते खपेल.' मी तसेच म्हणालो. शांतपणे, ठाम आवाजात. खोटे बोलताना वाक्यरचना फार सुबक होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले.

मग बँकेच्या बाजूने एक साक्षीदार बोलावली. तिशीची एक बाई, अंगावर धुवट लुगडे, कडेवर मूल. तीन तासांचा एसटीचा प्रवास करून आली होती. खुर्चीवर बसा म्हटले तर बसेना. सातांपैकी एका म्हशीची ती कागदोपत्री मालकीण. तिने सांगितले ते असे: ग्रामसेवकाने नाव घातले, कागदावर अंगठा घेतला, म्हस येईल म्हणाले. तिने दारात खुंटी ठोकली, उधारीवर कडबा आणून ठेवला. म्हस काही आली न्हाई. कडबा पावसात कुजला. मग बँकेची नोटीस आली.

चौकशी अधिकाऱ्यांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारले, "हे साहेब तुमच्या वाडीवर आले होते का?"

तिने माझ्याकडे नीट पाहिले. अगदी निरखून, कारण खोटे सांगायचे नव्हते.

"ह्यो माणूस म्या कदी बगितला न्हाई," ती म्हणाली.

मला वाटते, माझ्या बाबतीत इतके अचूक वाक्य कोणी बोललेले नाही. माझ्या प्रतिनिधींनी तिला उलट प्रश्न विचारायला सुरुवात केली. तुम्ही रोजगार हमीच्या कामावर असाल, साहेब येऊन गेले असतील, तुम्हाला कळले नसेल. ती गोंधळली. घरी म्हातारी सासू असते, ती म्हणाली. सासूला दिसते का? नाही, डोळे गेलेत. मग? मी मध्ये बोलू शकत होतो. पाच शब्द पुरले असते. मी टेबलावरच्या टाचणीच्या डबीकडे बघत राहिलो.

ऑक्टोबरमध्ये निकाल लागला. दोन वेतनवाढी कायमच्या बंद, बदली यवतमाळ जिल्ह्यात. नोकरी वाचली म्हणून आईने सत्यनारायण घातला. १९९० साली केंद्र सरकारची दहा हजार रुपयांपर्यंतची कर्जमाफी आली. त्या याद्या करताना रात्र रात्र जागत असतानाच जुन्या शाखेतल्या एका मित्राचे आंतरदेशीय पत्र आले. त्यात शेवटी एक ओळ होती, 'तुझ्या साती म्हशी माफीत बसवल्या, आता निवांत झोप.' न घेतलेले कर्ज माफ झाले होते, न दिलेली म्हैस खात्यातून निघून गेली होती, आणि हिशेब जुळला होता. मी खरोखरच निवांत झोपलो.

पुढची दहा वर्षे पटकन सांगण्यासारखीच आहेत. बढतीच्या मुलाखतीला बसायचो, फाइल उघडली की मुलाखत संपायची. माझ्या हाताखाली शिकलेली मुले माझे साहेब झाली. संगणक आले, लेजरबुके माळ्यावर गेली. दोन कादंबऱ्या झाल्या. वडील गेले. मग २०००-०१ साली सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली. १५ वर्षे नोकरी किंवा ४० वर्षे वय झालेल्यांना खुली. पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षाला ६० दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, यांतले जे कमी असेल ते. देशभरात लाखाच्या आसपास माणसे त्यात बाहेर पडली. माझी वीस वर्षे भरली होती, म्हणजे चाळीस महिन्यांचा पगार. निरोपाच्या दिवशी भाषणे झाली. अशोक सराफ स्टेट बँकेत होते, अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात होते, आता आमचे हे, असे कोणीतरी म्हणाले. पुढच्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापून आले की लेखकाने साहित्यासाठी बँकेतल्या अधिकारपदाचा त्याग केला. वस्तुस्थिती अशी की मला तिथे पुढे वाट नव्हती. ते वाक्य मी खोडायला सांगितले नाही. छापलेले बरे दिसत होते.

बायकोने एवढेच विचारले, "मुलगी नववीत आहे, हे लक्षात आहे ना?" लक्षात होते. तिच्या शिक्षणासाठी म्हणून आलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा मी एका पतसंस्थेत ठेवला. दोन टक्के व्याज जास्त होते. वीस वर्षे दुसऱ्यांना ठेवींबद्दल शहाणपण शिकवलेल्या माणसाने हे केले, यावर माझी मुलगी आजही हसते. २००४ साली पतसंस्थेच्या दाराला कुलूप लागले. पैसे हप्त्याहप्त्याने, काही बुडून, काही मिळून, २०११ पर्यंत येत राहिले. त्या काळात घर चालले ते शाळेच्या पगारावर. म्हणजे पहाटे चारला उठून मी लिहीत असे तो वेळ मुळात कुणी मोकळा ठेवलेला होता, याचाही विचार त्या बँकेतल्या मुलीमुळेच आता करतो आहे. बायको तेव्हा झोपेत असायची हेही अर्धेच खरे. ती कूस बदलून पडून राहायची, भांड्यांचा आवाज नको म्हणून.

नोकरी सुटल्यावर सगळा दिवस माझा होता आणि ओळ सुचत नव्हती. शेवटी म्हशींवरच लिहायला घेतले. वर्षभरात तीनशे पानांची कादंबरी झाली. भ्रष्ट यंत्रणा, बेरकी दलाल, आणि मध्ये सापडलेला एक संवेदनशील तरुण अधिकारी. एका वृद्ध प्रकाशकांनी वाचून हस्तलिखित परत दिले. म्हणाले, "यात सगळे लबाड आहेत आणि तुमचा नायक तेवढा सज्जन. अशा माणसाचे काय वाचायचे? त्याने खरे काय केले ते तुम्ही लिहिलेले नाही, एवढे मला कळते." मला राग आला. सहा महिने मी त्यांच्या दुकानावरून गेलो नाही. मग विश्रामगृहाच्या फाट्यापासून पुन्हा सुरुवात केली आणि कादंबरी एकशे ऐंशी पानांची झाली. २००६ साली ती आली, तिला एक पुरस्कार मिळाला, आणि वाचक तिचे अजून नाव काढतात. त्यात ती बाई आहे, खुंटी आहे, कुजलेला कडबा आहे. स्वतःची सही मी त्यात लपवली नाही, याचा मला अभिमान वाटे.

पण मी वाडीवर गेलो नाही. ही गोष्ट लिहून पाने भरली, पारितोषिकाचा धनादेश वटवला, आणि जिची गोष्ट होती तिला भेटायला बावीस किलोमीटर गेलो नाही. निमित्ते येऊन गेली. माणदेशातच, म्हसवडला, चेतना सिन्हा यांनी १९९७ साली बायकांची सहकारी बँक उभी केली. तिचा परवान्याचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता, कारण प्रवर्तकांतल्या बायकांना लिहितावाचता येत नव्हते. तेव्हा त्या बायकाच अधिकाऱ्यांपुढे गेल्या. आम्हाला मोजता येते, कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, तुमच्या माणसांना यंत्राशिवाय करू द्या आणि आम्हाला तोंडी, असे त्यांनी सांगितले. परवाना मिळाला. हे वाचले तेव्हा मला ती खुर्चीवर न बसलेली बाई आठवली. मी कात्रण काढून फाइलला लावले. लेखकांचे बरेचसे कर्तव्य कात्रणात संपते.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर मात्र राहवेना. मार्गशीर्षात म्हसवडच्या सिद्धनाथाची रथयात्रा आटोपली, गर्दी ओसरली आणि मी निघालो. फाट्यावर डावीकडे वळलो. रस्ता आता डांबरी आहे. अकरा दारांना एक दुपार पुष्कळ झाली असती, हे दिसत होते.

नाव सांगितल्यावर शाळेजवळच्या मुलांनी घर दाखवले. ती ओसरीत शेंगा फोडत बसली होती. माझ्याच वयाची, म्हणजे तेव्हाही माझ्याच वयाची असली पाहिजे. मला ते चौकशीच्या खोलीत लक्षात आले नव्हते. तिने मला ओळखले नाही, आणि ते बरोबरच होते. बँकेतला जुना माणूस, म्हशीच्या प्रकरणातला, असे सांगितले तेव्हा तिने सूप बाजूला ठेवले.

"ती म्हस व्हय," ती म्हणाली. "तिनं लई दिस पिच्छा पुरवला."

कर्ज माफ झाले हे तिला कळलेच नव्हते. माफीनंतर तीन-चार वर्षांनी ती शेळ्यांसाठी बँकेत गेली तेव्हा काउंटरवरच्या माणसाने वही बघून सांगितले, तुमच्या नावावर माफी झाली आहे, आता मिळायचे नाही. मग शेकडा पाच रुपये महिना व्याजाने एकाकडून पैसे घेतले. ते फेडायला थोरल्या मुलाला शाळेतून काढून ऊसतोडीला पाठवले. तो आता पुण्यात वॉचमन आहे. हे सगळे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. कुठल्या साली पाऊस कसा पडला ते सांगावे तसे सांगत होती. मी आयुष्यभर दोन वेतनवाढींचा हिशेब करत आलो. शेकडा पाच मासिक म्हणजे वर्षाला साठ टक्के, हा हिशेब मी कधी केलेला नव्हता.

मी म्हणालो, "म्हैस बघून गेलो असे ज्या कागदावर लिहिले होते, त्यावरची सही माझी होती. मी आलो नव्हतो. चौकशीत मी खोटे बोललो."

ती बराच वेळ बोलली नाही. ओसरीपुढून शाळेची पोरे ओरडत गेली.

"त्या दिशी तुमच्या त्या मानसानं मलाच खोटं पाडलं," ती म्हणाली. "घरी येऊस्तवर मलाच वाटाया लागलं, आलाबी आसंल सायेब. आंधळ्या सासूला चार डाव इचारलं."

यावर बोलण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. आतून सुनेने चहा आणला, तो मी प्यालो. पिशवीत माझी कादंबरी होती, द्यावी म्हणून नेलेली. ती मी बाहेर काढली नाही.

ऊन उतरले तसे ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. "धारेचं टायम झालं," म्हणाली, आणि दोन पावले जाऊन मागे वळून बघितले. "येताव? बचत गटातनं घेतलीया. दुसऱ्या येताची हाय."

गोठा घराच्या मागे होता. वर पत्र्याचे छप्पर. म्हैस काळीभोर, शिंगे मागे वळलेली, कानाला पिवळा बिल्ला. तिने वैरण टाकली, पाण्याचा हात कासेवरून फिरवला. मी जवळ गेलो, चष्मा लावला आणि बिल्ल्यावरचा नंबर वाचला. बारा आकडी होता. मग खिशातून डायरी काढली आणि म्हैस मान हलवायची थांबेपर्यंत वाट बघून एकेक आकडा उतरून घेतला.